शाहू महाराजांचं नाव घेताय तर त्यांचं कामही घ्या : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
साहेब, सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेला 2024 मध्ये राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि मानधन सरसकट महिना 5000 केलं, त्याचं स्वागतच आहे. आम्ही कोल्हापूरकर, महाराजांचं नाव आलं की छाती फुगतेच. पण त्या योजनेत वयाची अट वाचली, 50 वर्षं पूर्ण पाहिजेत, आणि मग वाटलं की साहेबांना जरा पत्र लिहावंच, कारण महाराजांनी कलावंत म्हातारा व्हायची वाट बघितली नव्हती हो.

थोर ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांचंच घ्या. कोल्हापूरला येण्याआधी ते राजस्थान-माळव्याकडच्या संस्थानांत गात फिरायचे, आणि तिकडे आमलेटा नावाच्या एका छोट्या ठिकाणी गाण्याचा भलताच शौकीन धनी भेटला. शौकीन म्हणजे कसा, तर तासन् तास गायला लावायचा, दिवसामागून दिवस, आज जरा घसा बसलाय म्हणायची सोय नाही. शेवटी आवाज फुटला, पार गेलाच, वर्ष-दोन वर्षं गाणंच बंद. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. पुढे आवाज परत आला पण पहिल्यासारखा गोड नाही, मग त्यांनी त्या आवाजाला झेपेल अशी गायकी स्वतः बसवली, खुल्या आकाराची, लयीला घट्ट बांधलेली, पेचदार तानांची, ती आज आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून ऐकतो.

आता तारखा बघा. शाहू महाराजांच्या हातात कारभार आला 1894 ला, तेव्हा वय 19, आणि 1895 ला खाँसाहेब कोल्हापूर दरबारी आले, चाळिशीचे. म्हणजे विशीतल्या पोरसवदा राजाने आवाज एकदा जाऊन आलेला गवई दरबारी ठेवला. आजच्या कुठल्या कमिटीने ठेवला असता का सांगा, म्हणाले असते आधी पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. पुढची 27 वर्षं त्या माणसाला उद्याची चिंता नव्हती. बसायचं, विचार करायचा, जुन्या धृपदांचं भांडार डोक्यात होतंच त्यातून ख्यालाच्या चिजा बांधायच्या, अनवट, म्हणजे फारसे कुणी न गाणारे, राग घोळवायचे, मुलांना आणि शिष्यांना तालीम द्यायची. भास्करबुवा बखले शिकून गेले. एक मुलगा भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, अंबाबाईच्या देवळात गायचे, त्यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. एका राजाने एका गवयाला निवांतपणा दिला त्याची ही सगळी पिलावळ आहे, चांगल्या अर्थाने म्हणतोय.

मला म्हणायचंय ते एवढंच की आमलेट्याचा धनी आणि शाहू महाराज दोघंही आश्रयदातेच, दोघांनाही गाणं आवडायचं, पण एकाला आज रात्रीची मैफल पाहिजे होती आणि दुसऱ्याला ते गाणं आपल्या गावात रुजायला पाहिजे होतं. आणि राग मानू नका, सध्या सरकारी पैसा कुठे जातो ते बघितलं तर आपण आमलेट्याच्या जास्त जवळ आहोत. महोत्सव, मांडव, एलईडी स्क्रीन, दीपप्रज्वलन, सत्कार, मान्यवरांची भाषणं, मग गवयाला वीस मिनिटं, त्यातपण मागून कुणीतरी चिठ्ठी पाठवणार की आटपा. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की विषय संपला.

केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं. महाराजांनीच बांधलेलं, 1915 चं पॅलेस थिएटर ते. सरकारने पुन्हा उभारायला पैसे जाहीर केले, झालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण इमारतीला पैसा लगेच सुचतो, आत गाणाऱ्याला का नाही सुचत?

माझ्या ओळखीतला एक पोरगा आहे, वय 23. दिवसभर मोबाईलच्या दुकानात कव्हर आणि स्क्रीनगार्ड लावतो, रात्री साडेनऊला गुरुजींच्या घरी जातो. गुरुजींनाही दिवसभर ट्यूशन, परीक्षेची पोरं, हार्मोनियमवर अलंकार, त्यामुळे दोघंही दमलेले. परवा मी तिथे बसलो होतो तर तानपुरा लावता लावता त्या पोराची मान खाली गेली, बोटं तारेवर चालूच. गुरुजींनी हाक मारली नाही, पंचम तेवढा जरा चढवला आणि स्वतःच सुरुवात केली. पोरगा लगेच सावरला, सुरात आला, आणि जे गायला ना, काय सांगू. पण असा तासभर मिळतो रोज, तोही शेजारच्यांनी दार वाजवलं नाही तर. जयपूरची तालीम तासाभराच्या हप्त्यात होत नाही साहेब.

भीमसेनजींच्या नावाने तरुणांना शिष्यवृत्ती आहे हे माहितीये मला, चांगली आहे, पण ती मोजक्याच मुलांना आणि दोन वर्षांनी संपते, आणि गुरूच्या पोटापाण्याचं काय ते तिच्यात नाहीच. गुरू आणि शिष्य दोघांची सोय एकत्र लागली तरच चालतं. कोलकात्याला आयटीसीची संगीत रिसर्च अकादमी हेच करते, गुरूला राहायला घर, मुलांना विद्यावेतन, आणि बाकी फक्त रियाज. एका सिगरेट कंपनीला जमतं ते महाराष्ट्र सरकारला जमू नये?

हिशोब मीच मांडतो. एका गुरूला महिना 60 हजार, चार शिष्यांना प्रत्येकी 20 हजार, म्हणजे 1 लाख 40 हजार, वर्षाचे 16 लाख 80 हजार. असे दहा गुरू राज्यभर, कोल्हापूर, मिरज, पुणे, नागपूर, जिथे असतील तिथे, तर वर्षाला 1 कोटी 68 लाख. राहायच्या जागेसाठी सरकारी रिकाम्या वास्तू कमी नाहीत. करार मात्र दहा वर्षांचा पाहिजे, आणि दर वर्षी अहवाल, फोटो, हजेरीपत्रक असलं काही मागू नका, तीन वर्षांनी दोन जाणकार पाठवा आणि बसून ऐका.

आणि हे कायद्यात, खात्यात बसवा, मंत्र्याच्या मर्जीवर ठेवू नका, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. 1922 च्या मे महिन्यात महाराज गेले आणि खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. त्या वेळी साठी ओलांडलेली होती. दरबारच्या जागी मग शेठ लोक आले, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची तालीमसुद्धा एका धनिक शेठजींच्या पैशावर झाली. एक माणूस गेला की सगळं गेलं, आमच्या महाराजांच्या आश्रयाची ती उणी बाजू आहे, भक्त असलो तरी सांगतो. तिकडे बडोद्याला सयाजीरावांनी 1886 ला गायनशाळा काढली, ती सरकारी शिस्तीत चालवली, आणि राजेपण गेलं तरी ती टिकली, आज ती विद्यापीठाची फॅकल्टी आहे. शाहू महाराजांची पारख आणि सयाजीरावांचं खातं, दोन्ही पाहिजे.

येत्या अर्थसंकल्पात निदान कोल्हापूर आणि मिरज एवढी दोन केंद्रं तरी घ्या. आणि कोल्हापूर दौऱ्यावर आलात तर एक संध्याकाळ सत्कार वगैरे न ठेवता देवल क्लबात येऊन बसा, गाण्याची ती संस्था 1883 पासूनची आहे, पोरांना मी बोलावतो, दुकानदाराकडून सुट्टी पण मीच मागतो.

आपला,
कोल्हापुरातला एक कानसेन