कार्यालयात चालणारी लिंक घरी का उघडत नाही?

महोदय,

खानदेशातील अनेक महाविद्यालये, बाजार समित्या आणि पतसंस्थांच्या संकेतस्थळांवर एक दुखणे आढळते. मुखपृष्ठ उघडते, पण ‘निकाल’ किंवा ‘आजचे भाव’ यावर क्लिक केले की गोल फिरत राहते आणि शेवटी साइट सापडत नाही असा संदेश येतो. कार्यालयात फोन केला तर उत्तर ठरलेले: ‘आमच्याकडे तर चालू आहे.’ आणि ते खोटेही नसते.

संगणकावर त्या लिंकवर माउस नेऊन खालच्या डाव्या कोपऱ्यात पाहावे. पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर तो त्या इमारतीपुरताच. असे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव असतात, इंटरनेटवर त्यांना वाट नाही. धडगावच्या विद्यार्थ्याने कितीही वेळा क्लिक केले तरी उपयोग शून्य. ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच यंत्र’) लिहिले असेल तर त्याचा मोबाइल निकाल स्वतःतच शोधतो!

स्वतःच्याच साइटवरच्या लिंकमध्ये सर्व्हरचा पत्ता लिहूच नये, स्लॅशपासून (/) सुरुवात करावी, जसे ‘/nikal’. वाचक ज्या नावाने आला तेच नाव ब्राउझर पुढे लावतो. वर्डप्रेस ही साइट बनवण्याची प्रणाली मात्र पूर्ण पत्ता डेटाबेसमध्ये साठवते. सेटिंग्जमध्ये ‘साइट ॲड्रेस’ बदलला तरी जुन्या लेखांतल्या लिंक तशाच राहतात. त्या थेट एसक्यूएलने (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेने) बदलू नयेत: काही नोंदींत मजकुराबरोबर अक्षरांची लांबीही लिहिलेली असते, ती जुळली नाही की विजेट आणि थीमच्या सेटिंग्ज उडतात. आधी बॅकअप, मग डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या आज्ञावली साधनाचा सर्च-रिप्लेस (जुना पत्ता शोधून नवा घालणे), तोही पहिल्यांदा ‘ड्राय रन’, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी, करून.

एवढे केल्यावर बऱ्याचदा उलटेच होते. बाहेर चालते, कार्यालयात बंद! सर्व्हर कार्यालयातच असेल तर आतला संगणक डोमेनचा (साइटच्या नावाचा) सार्वजनिक पत्ता घेऊन राउटरकडे जातो, आणि हेअरपिन नॅट (आतून आलेली विनंती पुन्हा आतच वळवण्याची सोय) नसलेला राउटर त्याला परत आत वळवत नाही. प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव आणि पत्ता यांच्या स्थानिक यादीत) आतल्या पत्त्याची नोंद करणे ही निव्वळ मलमपट्टी. तोच लॅपटॉप घरी नेला की साइट बंद. खरा उपाय म्हणजे कार्यालयातल्या डीएनएसने (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने) त्याच नावाला आतला पत्ता द्यावा. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र नावावर असल्याने तेही दोन्हीकडे चालते. मात्र आतल्या डीएनएसवर पूर्ण डोमेनचा झोन (सगळ्या नोंदींचा संच) केला तर मेलसह सगळ्या नोंदी तिथे भराव्या लागतात, नाहीतर कार्यालयातली मेल अडकते. दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) देऊ नये, कारण मग साइट कधी उघडते, कधी नाही. ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ (पत्ता थेट बाहेरच्या सेवेला विचारण्याची सेटिंग) हाही आतल्या डीएनएसला बगल देऊ शकतो, तोही तपासावा.

संस्थांनी वेबसाइटचे बिल मंजूर करण्यापूर्वी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर प्रत्येक लिंक उघडून पाहावी, मग कार्यालयाच्या वाय-फायवर पुन्हा तेच करावे.

– नेटवर्कचे काम करणारे काही वाचक, जळगाव