पेंटरकाकांना, संत्री रंगाच्या गाडीबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. संत्रा बर्फीचा डबाही ‘शुगर आहे’ म्हणून परत केलात (तो तुमच्या नातवाने गल्लीच्या तोंडाशी गाठून आमच्याकडून घेतला, हे आता सांगायला हरकत नाही). मग उरलं पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हीच ‘नाव नको टाकू बाई’ म्हणालात. नागपूरच्या महालातले पेंटरकाका एवढंच पुरे.

आम्ही आलो होतो नंदी घेऊन. तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी नंदी घरोघर फिरवायचा सण, तीन आठवड्यांवर होता आणि आमच्या घरचा सागवानी नंदी, माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचा, एका शिंगाने आणि निम्म्या रंगाने उरला होता. मुलगा आठवीत. ‘मी काय आता नंदी फिरवू?’ म्हणत पाय ओढत आला होता. त्याचा जीव दुसऱ्या पिशवीत अडकलेला. तिथून पुढे आम्हाला सीताबर्डीला जायचं होतं, त्या पिशवीतल्या वस्तूवर काही इलाज निघतो का ते पाहायला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझ्या भावाने सिंगापूरहून भाच्यासाठी रिमोटवर चालणारी गाडी आणली. दुकानातली तयार खेळण्यातली नव्हे, सुटे भाग जोडून बनवायची, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. या गाड्यांचं वरचं टप, म्हणजे बॉडी, बिनरंगाची येते. पाण्याच्या बाटलीसारखी आरपार, जाडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर. रंग आपला आपण द्यायचा. स्प्रेचे डबे विमानात नेऊ देत नाहीत म्हणून मामाने रंग आणले नाहीत, आणि तिथेच सगळं बिनसलं.

आम्ही घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाल स्प्रे आणला. ‘कोणत्याही प्लास्टिकवर चालते ताई.’ गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून बाहेरून मस्त दोन हात मारले. काय चमकत होती! दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये कॉलमला धडकली आणि कोपऱ्यातून एक पापुद्रा सुटला. पोराने तो ओढला, तर कांद्याचं साल निघावं तसा अख्खा लाल रंग हातात आला. बॉडीवर बाहेरून एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, ती आम्ही काढलीच नव्हती. म्हणजे आम्ही गाडी नव्हे, तिचं पॅकिंग रंगवलं होतं.

मग पुन्हा रंगवली, फिल्मशिवाय, पुन्हा बाहेरूनच. दोन दिवसांत रंगाचा कोंडा पडायला लागला, कारण हे प्लास्टिक धडकलं की वाकतं आणि वरचा कडक रंग वाकत नाही. तो कोंडा साफ करायला मी (मीच, पोराचा दोष नाही) थिनरचा बोळा फिरवला. मागची बाजू दुधी झाली आणि चाकावरच्या कमानीला बारीक चिरा गेल्या. त्या रात्री तो जेवला नाही. माझाही घास उतरत नव्हता, पण आई म्हणून जेवावं लागतं.

तर ती बॉडी तुम्ही पिशवीतून स्वतःच काढलीत. नंदी बाजूला ठेवून. चष्मा कपाळावर सरकवून ती उजेडात तिरपी धरली, नखाने टिचकी मारली आणि पोराला विचारलंत, “बाहेरून कायले रंगवली बे?”

“रंग बाहेरूनच देतात ना?”

“भिंतीले बाहेरून देतात. काचेले मागून.”

आणि समोरच्या जुन्या दवाखान्याच्या काचेकडे बोट दाखवलंत. डॉक्टरांचं नाव, डिग्री, वेळ, सगळं सोनेरी अक्षरांत, काळ्या सावलीसकट. “अठ्ठावीस वर्षं झाले. रोज पोछा मारतात त्याच्यावर. अक्षर हललं का? हातच नाही लागत त्याले.”

रिमोटची गाडी तुम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. हे प्लास्टिक कोणतं, हेही विचारलंत. पोराने ऐटीत सांगितलं, पॉलिकार्बोनेट, हेल्मेटच्या काचेला असतं तेच. १९५३ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी शोधलं. “म्हणजे माह्याच वयाचं हाय,” म्हणालात आणि हसलात. पण त्या पाच मिनिटांत तुम्ही जे सांगितलंत, तेच या छंदातली माणसं करतात. बॉडी आतून रंगवायची. रंग प्लास्टिकच्या पोटात बसतो, भिंतीला घासते ती बाहेरची बाजू.

मला सर्वांत पटलं ते तुमचं नंदीवरून समजावणं. “याले पहिले अस्तर, मग अंगाचा रंग, मग झूल, अन् डोळे सगळ्यात शेवटी. तुह्या गाडीचे डोळे पहिले.” आतून रंगवताना जो हात पहिला पडतो तोच बाहेरून दिसतो; नंतरचे सगळे त्याच्या मागे दडतात. म्हणून काळे पट्टे आधी, संत्री नंतर, आणि संत्रीच्या मागे पांढरा हात, नाहीतर रंग मळकट दिसतो. घरी येऊन पोराने वहीत क्रम लिहिला तो खालून वर. गणितात इतकं डोकं चालवलं असतं तर, असो.

रंग कोणता हे मात्र ‘माह्या आवाक्यातलं नाही, तूच शोध’ असं सरळ सांगितलंत. त्याने शोधलं. तामियाचे पीएस नावाचे स्प्रे खास याच प्लास्टिकसाठी असतात, सुकल्यावरही प्लास्टिकबरोबर वाकतात. त्याच कंपनीचे टीएस असतात ते कडक प्लास्टिकच्या मॉडेलसाठी, दिसायला जुळे भाऊ. पहिल्या वेळी आम्ही नेमके तेच मागवणार होतो. नवी बॉडी आणि पीएस-७, म्हणजे संत्री, असे शंभर मिलिलिटरचे दोन डबे, एक काळा, एक पांढरा. कुरियर यायला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत तुम्ही त्याला रोज शाळेनंतर बोलावलंत, ती खराब बॉडी घेऊन.

कशासाठी, ते मला नंतर कळलं. त्या बॉडीच्या बॉनेटवर त्याने आतून टेपने २३ कापून चिकटवला, सरळ, जसा वहीत लिहितो तसा. घरातला उरलेला लाल मारला, टेप काढली, उलटून पाहिलं तर आकडा आरशातला. तुम्ही समोर बसून पाहत होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. मी थोडी चिडले होते त्या दिवशी, खरं सांगते. मग तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत: कामाचं पहिलं वर्ष, कापडाच्या दुकानाची काच, नाव आतून सरळ लिहिलं, आणि मालकाने रात्रभर ब्लेडने खरवडायला लावलं. पोरगा इतका हसला की आपला २३ विसरला. दुसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपर उलटा करून आकडा काढला, न सांगता.

नवी बॉडी आली तेव्हा पाऊस लागला होता. भांड्यांचं साबण घालून कोमट पाण्यात धुतली, कारण साच्यातून काढताना लागलेलं तेल आत राहिलं तर रंग धरत नाही. कापडाने पुसू नको, धागे राहतात, निथळू दे. आत बोट लावू नको. खुणा आधी कर, हेही तुमचंच: ज्या चार खांबांवर बॉडी बसते त्यांची भोकं आरपार दिसतंय तोवरच नीट मारता येतात. खिडक्यांचे स्टिकर आतून लावले आणि त्यांच्या कडा तुम्ही त्याला चमच्याच्या पाठीने घोटायला लावल्यात. एकेक कड. त्याला वाटलं झालं, तुम्ही म्हणालात, “अजून.” टेपखाली रंग शिरतो तो अशाच कडेतून, आणि जाड हात मारला की हमखास.

आणि मग तुम्ही कामच थांबवलंत. “आज नाही. पावसात ड्युको मारला की दुधी पडते.” तीन दिवस! पोराची तगमग बघवत नव्हती. चौथ्या दिवशी ऊन निघालं तसा तुमचा फोन. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा (गॅसवर चुकूनही नाही), खूप हलवायचा, वीतभरापेक्षा जास्त लांबून धरायचा आणि पहिला हात असा द्यायचा की दिल्यासारखा वाटूच नये, आरपार दिसत राहिलं पाहिजे. मग पंधरा मिनिटं थांबायचं. मग दुसरा. पाच हात झाले संत्रीचे. तुम्ही स्टुलावर बसून विडी न ओढता (मी पाहिलं, खिशात हात जात होता) प्रत्येक हाताला फक्त मान हलवत होतात.

काका, एक गोष्ट मला तेव्हा विचारायची होती, धीर झाला नाही. डबा एकदाही हातात घ्यावासा वाटला नाही? फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम गेलं, आता नंबरप्लेट, थोडे नंदी आणि कधीतरी एखादा ट्रक, हे तुम्ही सांगितलंत ते हसत सांगितलंत. तुमचे ते लांब केसांचे ब्रश तेलात बुडवून ठेवलेले पाहिले. काळा पट्टा मारताना त्याचा हात थरथरला तेव्हा तुमचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, अर्ध्यात थांबला आणि परत गुडघ्यावर गेला. मी दारात उभी होते. या पत्राचे आभार खरं तर त्या हातासाठी आहेत.

शेवटचा पांढरा सुकल्यावर आतून पाहिलं तर गाडी खडू फासल्यासारखी, आणि बाहेरून फिल्मवर रंगाचे शिंतोडे, बोटांचे ठसे. माझा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, “काढ आता.” त्याने फिल्मचा कोपरा नखाने सोडवला आणि हळूहळू ओढली, चर्र आवाज करत. खालून संत्री निघाली, मृग बहाराचं फळ पाण्यातून काढावं तशी ओली चमक, काळे पट्टे सुरीने कापल्यासारखे आणि बॉनेटवर २३, सरळ. शेजारचा सायकलवाला हातातलं चाक तसंच धरून आला. रेडियमचे स्टिकर तुम्ही साबणाच्या पाण्यावर सरकवायला शिकवलेत, म्हणून एकही बुडबुडा नाही.

तान्ह्या पोळ्याला काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तुमच्या गल्लीतून निघताच आलं नाही म्हणालात. नंदी फिरवायला लाजणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी नंदीला सुतळी बांधून तो गाडीमागे जोडला. संत्री गाडी पुढे, तुम्ही नवं शिंग बसवून रंगवलेला नंदी मागे, रिमोट ह्याच्या हातात, आणि मागून कॉलनीतली तीसेक पोरं. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये हा सण सुरू केला म्हणतात, त्यांनी असा नंदी नक्कीच पाहिला नसेल. बोजारा (नंदी फिरवणाऱ्या पोरांना घरोघर मिळणारे पैसे) इतका जमला की त्यातून एक निळा डबा येऊ घातला आहे. नंदी दोनदा उलटला, शिंग शाबूत आहे. गाडीचा पुढचा कोपरा फाटला, तो आतून जाळीच्या टेपने आणि बुटाच्या गमने सांधला. रंग कुठेच सुटला नाही.

आणि हो, चाकांच्या कमानी कापायला दिलेली काकूंची वाकडी कात्री अजून आमच्याकडेच आहे. त्या विचारत असतील. रविवारी दुपारी घेऊन येतो, गाडीसकट. बर्फी आणणार नाही, तर्री पोहे चालतील ना?

तुमची,
नंदनवनची ताई, आणि २३ नंबर