विमानाने सायकल नेताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. भाड्याची सायकल न घेता तू स्वतःचीच सायकल विमानाने न्यायचे ठरवलेस, हे वाचून फार आनंद झाला. परंतु ‘दुकानातून खोका आणतो, सायकल भरतो आणि निघतो’ असे जे तू एका ओळीत लिहिले आहेस, त्याने मला काळजी वाटू लागली, म्हणून हे सविस्तर उत्तर.

माझ्या पहिल्या प्रवासात खोका बाहेरून धडधाकट दिसत होता. मी मुक्कामी जाऊन सायकल जोडली आणि पहिल्याच चढावर सर्वांत हलका गिअर टाकताच मागचा डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, चाकाच्या आऱ्यांत अडकला, कारण तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर आतल्या बाजूला वाकला होता. हा लहानसा तुकडा मऊ ॲल्युमिनियमचा असतो, तो अशासाठी की धक्का बसल्यास तो वाकावा आणि फ्रेम वाचावी; पण निरनिराळ्या फ्रेमना निरनिराळे हँगर लागतात, त्यामुळे परक्या गावी नेमका आपला मिळणे कठीण. माझे दोन दिवस त्या शोधात गेले, आणि त्याची हळहळ मला अजून आहे. तेव्हा डिरेल्युअर हँगरवरून सोडव, केबल तशीच राहू दे, तो कापडात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांध आणि एक जादा हँगर सोबत घेच.

खोक्यावर कितीही बाण काढलेस तरी तो आडवा पडणार आणि त्यावर इतरांच्या बॅगा येणार, असे धरूनच सगळी बांधणी कर. पुढचे चाक काढले की ते धरणाऱ्या फोर्कची दोन टोके निराधार होतात. नव्या सायकलींच्या फोर्कमध्ये येणारे प्लास्टिकचे आधार दुकानदार टाकून देतात, त्यांतला एक मागून घे. तुझे डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत, म्हणून पॅडच्या मधोमध पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेव, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला जाऊन पॅड एकमेकांना भिडतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून अनेकजण ते अधिकच आवळून बसतात. पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला, की दोन्ही पेडल सुटतात.

टायर फुटण्याची भीती मात्र मनातून काढून टाक. सामानाच्या कक्षातही प्रवासी कक्षाइतकाच हवेचा दाब राखलेला असतो. तो जमिनीवरच्यापेक्षा कमी असला तरी त्या फरकाने टायरवर पडणारा वाढीव ताण चार पीएसआयच्या आतबाहेरच असतो. तरीही कंपन्या हवा कमी करायला सांगतात. ती कर, पण रिमला गादी राहील इतकी ठेव. तुझा भाऊ विजेची सायकल आणू म्हणतो, त्याला मात्र स्पष्ट सांग की प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याहून कितीतरी मोठ्या असतात.

तिकीट काढतानाच सायकलीची नोंद कर आणि तिची लेखी पोच जवळ ठेव. वजनाची मर्यादा बहुधा २३ किलो असते, म्हणून कपडे आणि अवजारे खोक्यात कोंबण्याचा मोह आवर. विमान बदलताना कंपनीही बदलत असेल, तर दोघींचे नियम स्वतंत्रपणे वाच.

आता जे मला सर्वांत अधिक कळकळीने सांगायचे आहे ते. खोका हाती आला की विमानतळ सोडण्यापूर्वी तो उघड, हँगर आणि फ्रेम नीट पाहा आणि नुकसान दिसल्यास तिथेच लेखी तक्रार दे. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. मी दौरा संपवून नवव्या दिवशी पत्र लिहिले आणि विमान कंपनीने त्याच कारणाने ते परत पाठवले.

तुझ्या हँगरचा जवळून फोटो काढून मला पाठव. जादा हँगर मागवताना तोच दाखवावा लागेल, आणि तो यायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच पाठव.

तुझा,
जुना सायकलसोबती