जुने गेम, नवी मशीन

मा. संपादक,

तुमच्या टेक पानावर नवीन ग्राफिक कार्ड, नवीन गेम यांच्यावर नेहमी छान माहिती असते, मी न चुकता वाचते. पण त्याच भारी मशीनवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे गेम खेळण्यात काय मजा आहे ते कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

लोकांना वाटतं की ह्या सगळ्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबच्या आठवणी आहेत. मला अजिबात तसं वाटत नाही, कारण तेव्हा हे गेम आपल्याला अर्धेच मिळाले होते. कितीतरी पीसींना साउंड कार्ड नसायचं, डब्यातला बारका स्पीकर टूं टूं करायचा तेवढंच संगीत. 1990 चा मंकी आयलंड हा गेम आता स्कमव्हीएमवर (जुने गेम नव्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) लावा आणि रोलँड एमटी-32 ह्या तेव्हाच्या संगीत मॉड्यूलचा आवाज निवडून ऐका, काय सुंदर कॅरिबियन ठेका आहे त्यात! ते मॉड्यूल तेव्हा इतकं महाग होतं की आपल्याकडे कोण घेणार. म्हणजे गेम जुना पण त्याचं संगीत मी पहिल्यांदा आत्ता ऐकलं.

आणि प्रिन्स ऑफ पर्शिया! 1989 चा गेम, आधी ॲपल टू ह्या कॉम्प्युटरवर आला. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस सिस्टिमचे गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) कंट्रोल-एफ11 दाबत वेग कमी केला ना की मोठ्या स्क्रीनवर दिसतं, कडेला लोंबकळताना तो अंग कसं वर ओढून घेतो, थांबताना पाय कसा घसरतो, खरा माणूसच वाटतो. त्यातला आरशातून बाहेर येणारा तो सावलीवाला राजपुत्र आठवतो का, कॉम्प्युटरची मेमरी संपत आली होती म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर एक्सॉर केली (म्हणजे दोन्ही चित्रांत जिथे फरक तेवढेच ठिपके ठेवले) आणि त्यातून नवीन शत्रू तयार केला, हे कळल्यावर तर तो आरशाचा सीन मी परत परत बघितला. ह्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, 2012 मध्ये जुन्या फ्लॉपींमधून वाचवून सगळ्यांसाठी खुला केलाय, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांनी जरूर बघावा.

एक विनंती मात्र खेळणाऱ्यांना, हे गेम रुंद स्क्रीनभर ताणू नका हो, चित्रं 4:3 च्या (रुंदी चार, उंची तीन) मॉनिटरसाठी काढलेली आहेत, ताणली की माणसं जाडी दिसतात. सेटिंगमध्ये आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं मूळ प्रमाण राखणारा पर्याय) चालू करा, बाजूला काळं राहिलं तर राहू दे.

इंटरनेट अर्काइव्ह ह्या वेबसाइटवर 2015 पासून डॉसचे दोन हजारांच्या वर गेम ब्राउझरमध्येच खेळता येतात, त्याला भारी मशीनपण लागत नाही. तुमच्या पानावर महिन्यातून एकदा अशा एका गेमबद्दल छापा ना, कुणी केला, कसा केला आणि आज कसा चालवायचा एवढं जरी दिलं तरी खूप झालं.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक