विकताना वॉटरप्रूफ, वॉरंटी मागितली की वॉटर-रेझिस्टंट!

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पाणी शिरलेल्या मनगटी घड्याळाची वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेल्या माझ्या घड्याळात पोहताना पाणी शिरले आणि काटे बंद पडले. सेवा केंद्राने ते दुरुस्त न करताच परत पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे, की हे मॉडेल वॉटर-रेझिस्टंट आहे, वॉटरप्रूफ नाही. सबब वॉरंटी लागू नाही.

हा फरक मला पूर्ण मान्य आहे. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत जाणारच नाही. वॉटर-रेझिस्टंट म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत टिकाव धरेल. पण मग विक्रीच्या पानावर ठळक अक्षरांत '१०० टक्के वॉटरप्रूफ' कोणी लिहिले? शेजारी पोहणाऱ्या माणसाचे चित्र कोणी टाकले? 'वॉटर-रेझिस्टंट ३० मीटर' हे खरे वर्णन मागच्या झाकणावर बारीक अक्षरांत कोरले आहे. ते दिसते पैसे भरून, खोके उघडल्यावर.

त्यातून हा '३० मीटर'ही फसवा. वाचणाऱ्याला वाटते, ३० मीटर खोल गेले तरी चालेल. प्रत्यक्षात तो सुमारे ३ बार (बार हे दाबाचे एकक) इतक्या स्थिर दाबाच्या चाचणीचा आकडा. असे घड्याळ हात धुण्यापुरते किंवा पावसाच्या शिंतोड्यांपुरतेच. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची अट असून नमूद दाबाच्या सव्वापट दाबाखाली चाचणी होते. रबरी सील कालांतराने झिजतेच, त्यामुळे कायमची हमी कोणत्याच घड्याळाला देता येत नाही. साध्या घड्याळांसाठीच्या आयएसओ २२८१० या २०१०च्या मानकाच्या शीर्षकातही 'वॉटर-रेझिस्टंट' हाच शब्द आहे. आपल्या अभियंत्यांना हे ठाऊक असणारच. जाहिरात विभागाशी त्यांचे बोलणे होत नसावे.

तरी घड्याळ विनाशुल्क दुरुस्त करून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. विक्रीच्या पानावरील 'वॉटरप्रूफ' शब्द व ते चित्र काढून '३० मीटर'चा खरा अर्थ तिथेच लिहावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत बिल, चिठ्ठीची प्रत, झाकणाचा फोटो आणि विक्रीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडला आहे. पान आता बदलले, तरी तो माझ्याकडे राहील.

आपली ग्राहक