रुबार्बच्या टार्टची कृती छापताना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रुबार्बचे, म्हणजे आंबट देठांच्या एका परदेशी वनस्पतीचे, टार्ट (मैद्याच्या उघड्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) घरी करण्याची कृती प्रसिद्ध झाली. छायाचित्र देखणे होते आणि मैदा-लोण्याचे प्रमाणही बरोबर होते. परंतु ज्या वनस्पतीच्या नावाने ही कृती छापली गेली, तिच्याविषयी त्यात एक ओळही नव्हती. इतर जिन्नसांच्या बाबतीत अशी उणीव राहिली तर फार तर पदार्थ बिघडतो, रुबार्बच्या बाबतीत मात्र खाणारा माणूस आजारी पडू शकतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

रुबार्बचा खाण्याजोगा भाग एकच, तो म्हणजे पानाचा लांब, मांसल, तांबूस देठ. त्याच देठाच्या टोकाला असलेले रुंद हिरवे पान विषारी असते, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण देठापेक्षा पुष्कळ जास्त असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई असताना ही पाने भाजी म्हणून खाण्याचा सल्ला दिला गेला होता आणि त्यातून विषबाधेच्या घटना घडल्या होत्या. आपल्या घरांत मुळ्याचा पाला, बिटाची पाने, अळूची देठी यांतले काहीही वाया जाऊ दिले जात नाही आणि ही सवय चांगलीच आहे. पण परदेशातून कुणी पानांसकट रुबार्ब आणला, तर त्या पानांची पातळभाजी करावी असे एखाद्या सुगरणीला सहज वाटेल. अळूसारखी चिंच घालून शिजवल्याने हे पान निरुपद्रवी होत नाही, हे कृतीच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत यायला हवे होते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी देठसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावेत, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

दुसरा धोका आपल्या इंदूरला अधिक जवळचा आहे. ती कृती वाचून माझ्या परिचयाच्या एका काकूंनी सियागंजच्या किराणा बाजारात चौकशी केली आणि एका दुकानातून त्यांना रेवाचिनीचे वाळलेले तुकडे मिळाले. मी ते हातात घेऊन पाहिले: पिवळसर तपकिरी, लाकडासारखे टणक, उग्र वासाचे, आणि बोट फिरवले की बोटाला पिवळी पूड लागणारे. दुकानदाराचे काहीच चुकले नव्हते, कारण रेवाचिनी ही रुबार्बच्याच कुळातली. पण ते मूळ आहे आणि मूळ हे रेचक औषध आहे. युरोपात कित्येक शतके रुबार्ब म्हणजे चीनकडून येणारे हे महागडे मूळच होते. चीनचे आयुक्त लिन झेशू यांनी १८३९ साली अफूच्या व्यापाराविरुद्ध राणी व्हिक्टोरियाला जे पत्र लिहिले, त्यात परदेशीयांचे ज्यावाचून चालत नाही अशा चिनी मालात त्यांनी चहाच्या जोडीला रुबार्बचे नाव घेतले होते. देठांचे गोड पदार्थ करण्याची चाल इंग्लंडात रुळली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात, साखर स्वस्त होत गेल्यावर. काकूंनी मुळाची पूड करून सारणात घालण्याआधी विचारले, हे बरे झाले; सगळेच वाचक असे विचारायला जाणार नाहीत.

इथे ताजे देठ मिळत नाहीत, याला कारणही आहे. रुबार्बला जोमाने फुटण्यासाठी कडक थंडीची दीर्घ विश्रांती लागते, आणि मालव्यातल्या हिवाळ्यातल्या चार-दोन गारठ्याच्या रात्रींनी त्याचे भागत नाही. पुढे चैत्र-वैशाखाच्या उन्हात झाड तगणे तर आणखी अवघड. इंग्लंडात यॉर्कशायरमधील वेकफिल्डच्या परिसरात हिवाळ्यात अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये वाढवलेला कोवळा गुलाबी रुबार्ब नावाजलेला आहे, आणि २०१० साली युरोपीय संघाने त्याला भौगोलिक संरक्षण दिले. हिमालयाच्या उंच भागांतही या कुळातल्या वनस्पती आहेत आणि तिथले लोक त्यांचे आंबट देठ खातात. एवढी माहिती दिली असती, तर वाचकांना मंडईत व्यर्थ शोध घ्यावा लागला नसता.

मग इंदूरच्या घरी हे टार्ट करायचेच नाही का? अवश्य करावे, पण रुबार्ब त्यात कोणते काम करतो हे समजून करावे. हा देठ जवळजवळ पंच्याण्णव टक्के पाणी आहे, त्याला स्वतःची गोडी जवळपास नाही, आणि त्याच्या आंबटपणाने लोण्याचा जडपणा उतरतो. हेच काम आपल्याकडे कैरी उत्तम करते. कोय धरू लागलेली पण आतून पांढरीच असलेली गावरान कैरी घ्यावी, सोलून तिच्या बोटाएवढ्या फोडी कराव्यात आणि साखरांब्यासाठी वाफवतो तितपतच वाफवाव्यात. अर्धा किलो रुबार्बला सुमारे दीडशे ग्रॅम साखर पुरते. कैरीला तिच्या आंबटपणाप्रमाणे अडीचशे ते तीनशे ग्रॅम लागते. साखर लावून अर्धा तास ठेवल्यावर जो रस सुटतो, तो सारणात तसाच राहू दिला तर तळ हमखास गिचका होतो. तो निथळून, किसलेले आले घालून आटवावा आणि टार्ट भाजून झाल्यावर वरून ओतावा. आले रुबार्बलाही मानवते आणि कैरीलाही. हे सारे स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करावे. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेले पितळ आंबटाला चालत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या आणि रुबार्बलाही तोच नियम लागू आहे. हिवाळ्यात लाल अंबाडीची मांसल बोंडे मिळाली तर बिया काढून त्यांचेही सारण होते, आणि रंग तर रुबार्बपेक्षाही गडद येतो.

पारीबद्दल आपल्या कृतीत मैदा दोनशे ग्रॅम, लोणी शंभर ग्रॅम असे प्रमाण होते. ते योग्यच आहे, परंतु 'थंड लोणी' एवढेच म्हणून भागत नाही. कैरीच्या दिवसांत इंदूरच्या स्वयंपाकघरात दुपारी लोणी बोटांखाली वितळते, मैदा ते पिऊन टाकतो आणि पारी खुसखुशीत होण्याऐवजी दगडासारखी होते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे लोण्याचे बारीक कण मैद्यात कणांच्याच रूपात टिकले पाहिजेत, कारण ओव्हनमध्ये ते वितळून पारीला पदर सुटतात. म्हणून हे काम पहाटे करावे, परातसुद्धा आधी फ्रिजमध्ये ठेवावी, लोणी बोटांच्या टोकांनी भराभर चोळावे, बर्फाचे पाणी दोन-तीन चमच्यांवर घालू नये आणि गोळा तासभर थंड करून मगच लाटावा. बाजारातले पिवळे लोणी खारे असते, तेव्हा वेगळे मीठ नको. साच्यात पारी बसवल्यावर तिच्यावर कागद आणि त्यावर राजमा पसरून १९० अंशांवर पंधरा मिनिटे, मग राजमा काढून आणखी सहा-सात मिनिटे भाजावी. हा राजमा पुन्हा शिजवण्याच्या उपयोगाचा राहत नाही, डब्यात भरून पुढच्या खेपेसाठी ठेवावा. सारण भरण्यापूर्वी तळाशी दोन चमचे बारीक भाजलेला रवा भुरभुरावा, म्हणजे उरलासुरला रस तो शोषून घेतो. नंतर १८० अंशांवर अर्धा तास पुरे होतो. इंग्लंडात यासोबत कस्टर्ड देतात. आपल्याकडे घट्ट साय तितकीच शोभते.

माझी विनंती अशी की येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळकपणे, एक चौकट द्यावी: रुबार्बची पाने खाऊ नयेत, रेवाचिनीचे मूळ टार्टमध्ये घालू नये, आणि देठ न मिळाल्यास कैरी किंवा अंबाडी वापरावी. कैऱ्या आता मंडईत येऊ लागल्या आहेत आणि अनेक घरांतून आपले कात्रण फ्रिजवर लावलेले मी पाहिले आहे, तेव्हा ही चौकट लवकर यावी. यापुढेही इथे न पिकणारा जिन्नस असलेली कृती छापताना त्याचा कोणता भाग खायचा, कोणता टाळायचा आणि त्याच्या जागी आपल्याकडचे काय चालेल, या तीन गोष्टी लेखिकांकडून मागून घ्याव्यात. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र थोडे लहान करावे.

आपली,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर