आजाऱ्याच्या समाचाराला जाणं हीसुद्धा उपासनाच

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पप्पा, फोनवर तुम्ही आपल्या चर्चच्या पंचांच्या सभेचं सांगितलंत, तेव्हापासून तोच विषय डोक्यात आहे. आजाऱ्यांसाठी मंडळीने वेगळा निधी ठेवावा आणि घरी जाऊन विचारपूस करणारी माणसं नेमावीत, या सूचनेवर दोन तट पडले म्हणालात. काहींच्या मते ते दवाखान्याचं काम, आपलं काम वचन सांगण्याचं. काहींच्या मते प्रार्थना करतोय तेवढी पुरे. तुम्ही मला विचारलंत, तू नर्स आहेस, तुझं काय मत? फोनवर नीट मांडता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या मते हे काम मंडळीच्या मुख्य कामातच मोडतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा कशाचा हिशेब मागतो, ते पुन्हा वाचा. भुकेल्याला खायला दिलंत का, तान्हेल्याला पाणी दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, आजाऱ्याच्या समाचाराला गेलात का. आजाऱ्याला बरं केलंत का, असं तो विचारत नाही. बरं करणं दरवेळी डॉक्टरच्याही हातात नसतं, हे मी वॉर्डात रोज बघते. जाणं मात्र शाळेत न गेलेल्या माणसालाही जमतं. म्हणून हे काम दवाखान्याचं म्हणून सोडून देता येत नाही. दवाखाना उपचार करील. पण घरी परतलेल्या म्हाताऱ्या माणसाने सकाळची गोळी घेतली का, हे बघायला दवाखाना येत नाही.

प्रार्थना पुरे म्हणणाऱ्यांना माझ्या वतीने यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 38वा अध्याय वाचून दाखवा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. तो रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकतो, आयुष्याची 15 वर्षं वाढवून देतो. आणि त्याच अध्यायात यशया सांगतो, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली होती, तरीही लेप लावायला सांगितला. प्रेषित पौल आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला तो आजारी अवस्थेत मिलेताला मागे ठेवून येतो. त्याचा सहकारी एपफ्रदीत तर मरता मरता वाचला. यांच्यापैकी कोणाचाही विश्वास कमी होता, असं पौल एका शब्दाने म्हणत नाही. आणि लूकला तो प्रेमाने वैद्य म्हणतो, त्याचा धंदा लपवत नाही.

याबाबतीत मी थोडं कडक बोलते, राग मानू नका. 'औषध सोड आणि विश्वास ठेव' असं मंडळीत कोणीही सांगू लागलं, तर पंचांनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. क्षयाचा नेहमीचा उपचार साधारण 6 महिन्यांचा असतो. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, अंगात ताकद येते, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. तेव्हा औषध सोडलं, तर उरलेले जंतू पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत, आणि ते घरातल्या इतरांपर्यंत पोचतात. इन्सुलिनवर असलेल्या माणसाचं इन्सुलिन किंवा फिट्सच्या रुग्णाच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर जीवावर बेतू शकतं. हे पाप कोणाच्या माथी? जन्मांधाला बघून शिष्यांनी प्रभूला विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

याकोबाच्या पत्रातल्या 5व्या अध्यायाचा दाखला सभेत निघेलच. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी त्याच्यावर प्रार्थना करून तेल लावावं. पण बघा, वडिलांनी तिथे जायचं आहे. ते वचन आपल्यालाच उठून जायला सांगतं. आणि त्याच याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा' म्हणून काहीच दिलं नाही, तर त्याचा काय उपयोग?

सुरुवातीच्या मंडळ्यांनी हे शब्दशः घेतलं होतं. तिसऱ्या शतकात रोमी साम्राज्यात भयंकर साथ पसरली. आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस याचं त्या वेळचं पत्र आहे. लोक भीतीने आपल्याच घरच्या आजाऱ्यांना रस्त्यावर टाकत होते, तेव्हा आपले भाऊ त्यांची शुश्रूषा करत राहिले आणि त्यात बरेच जण स्वतः गेले, असं तो लिहितो. पुढच्या शतकात कैसरियाच्या बासिल बिशपाने शहराबाहेर गरीब, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठं आश्रयस्थान उभारलं. रोममध्ये फाबिओला नावाच्या श्रीमंत बाईने आपली मालमत्ता विकून रुग्णालय काढलं, आणि इतरांना किळस येईल अशा जखमा ती स्वतःच्या हातांनी धूत असे. पैसे देऊन ती मोकळी झाली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. रोज जखमा साफ करणाऱ्या बाईलाच कळेल, त्यात काय काय करावं लागतं.

आता तुम्ही जो प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारलात तो. मदत फक्त सभासदांना द्यायची की सगळ्यांना? आणि बाहेरच्यांना दिली, तर त्यानिमित्ताने सुवार्ता सांगायची का?

चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात याचं उत्तर आहे. यहूदी आणि शोमरोनी एकमेकांशी व्यवहार ठेवत नसत. तरी हा शोमरोनी लुटारूंनी वाटेत मारून टाकलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो. दुसऱ्या दिवशी दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रखवालदाराला देतो आणि जास्त खर्च आला तर परतताना देईन म्हणतो. प्रथमोपचार, वाहन, रात्रीची सोबत, पैसा आणि नंतरची चौकशी, सगळं त्यात आलं. त्या जखमी माणसाला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. इ.स. 362 मध्ये ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट जुलियन आपल्या पुजाऱ्याला लिहितो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने तक्रार म्हणून दिलेली ही साक्ष आहे.

खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. अशा माणसापुढे मदतीबरोबर अट ठेवली, की ती जबरदस्तीच होते. त्याने स्वतःहून प्रार्थना मागितली तर आनंदाने करा. नाही मागितली, तर बेडपॅन स्वच्छ करा, चादर बदला आणि परत या.

आईला तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या डॉक्टर आयडा स्कडर यांची गोष्ट माहीत आहे. एकाच रात्री तीन घरांतून बाळंतपणात अडलेल्या बायकांसाठी बोलावणं आलं. पुरुष डॉक्टर चालणार नव्हता आणि बाई डॉक्टर कोणी नव्हती. तिन्ही बायका गेल्या. मिशनरी व्हायचंच नाही म्हणणाऱ्या त्या मुलीने मग वैद्यकीय शिक्षण घेतलं, 1900 साली वेल्लोरमध्ये एका खाटेवर दवाखाना सुरू केला, आणि 1918 मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. म्हणजे निधी लहान आहे, हे कारण पंचांनी पुढे करू नये.

सभेत मांडायला काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. भेटीला जाणाऱ्याने स्वतःच्या मनाने औषध सुचवू नये. डॉक्टरकडे सोबत जावं, त्यांनी सांगितलेलं कागदावर उतरवून घ्यावं, रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून द्यावेत. रुग्णाची सेवा करणाऱ्या बायकोला किंवा सुनेला आठवड्यातून एक दुपार मोकळी द्यावी, कारण तिची विचारपूस सहसा कोणी करत नाही. दुखणाऱ्या अंगाबरोबर भीती, एकटेपणा, खर्चाची काळजी हेही दुखतं. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला हॉस्पिस, म्हणजे मरणाला टेकलेल्यांची काळजी घेणारं ठिकाण, काढलं, ते या सगळ्या दुखण्याचा एकत्र विचार करून. मरणाच्या दारातल्या माणसाला 'आता काही करण्यासारखं नाही' असं कधीच सांगू नका. वेदना कमी करता येते, तोंड ओलं करता येतं, जवळ बसता येतं.

आणि पप्पा, एक नियम तुम्ही स्वतः घालून द्या. कोणाच्या आजाराचं नाव त्याच्या परवानगीशिवाय उपासनेत घ्यायचं नाही, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही. क्षय, एचआयव्ही, मनाचे आजार चारचौघांत उच्चारले गेले, की तो माणूस पुन्हा मंडळीत पाय ठेवत नाही.

हे पत्र सभेत वाचलंत तरी माझी हरकत नाही. निधी ठरला तर दर महिन्याला माझा वाटा पाठवीन. रजेवर आले की भेटी देणाऱ्यांना अंथरुणातल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय बघायचं, ते शिकवीन. त्यासाठी आतापासून चार-पाच जणांची नावं घेऊन ठेवा, त्यात तरुण संघाची मुलंही असू द्या.

सगळ्यांना सलाम.

तुमची लेक